पालाश कुठे आहे?

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग पाऊस, मग पाहुणे. मुंबईच्या भाचीचा दोनदा फोन येऊन गेला, "मावशी, लिहिणं बंद केलंस का?" बंद केलं नव्हतं, विषय सुचत नव्हता. परवा तो आपल्या पायांनी चालत दारात आला.

दुपारी ओटीवर सुकट निवडत बसले होते. एक माणूस फाटकाशी उभा. बरोबर चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, तिच्या हातात पुस्तक. "बाई, ओळखलं का?" चेहरा नाही ओळखला, आवाज ओळखला. आमच्याच शाळेतला, १९९४-९५ सालच्या आठवीतला. नाव लिहीत नाही. त्याला आवडेल की नाही ठाऊक नाही. आता उंबरगावच्या बाजूला एका कारखान्यात कामाला जातो. मुलगी नववीत, सेमी इंग्रजीत, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचं मराठीतून. तिला मूलद्रव्यांच्या संज्ञा पाठ होत नव्हत्या. कार्बनची सी, ऑक्सिजनची ओ, इथपर्यंत ठीक. पण सोडिअमची एन ए? पोटॅशिअमची के? लोखंडाची एफ ई? "बापाला विचारलं तर तो म्हणतो, चल, आमच्या बाईंकडे जाऊ, त्यांनी आम्हाला शिकवलेलं."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. कारण मी त्याला काय शिकवलं होतं ते मला चांगलं आठवत होतं.

मी बी. ए. झाले मराठी आणि इतिहास घेऊन, तेही मराठी माध्यमातून. विज्ञानाशी माझा संबंध मॅट्रिकला संपला होता. पण खेड्यातल्या शाळेत ज्याच्याकडे तास रिकामे त्याच्याकडे विषय येतो. त्या वर्षी विज्ञानाचे शिक्षक बदलून गेले, नवीन येईपर्यंत आठवीचं विज्ञान माझ्या गळ्यात पडलं. आदल्या रात्री मी धडा वाचायची आणि सकाळी तोच मुलांना सांगायची. मुलांच्या पुढे एक पान, एवढंच माझं ज्ञान. भिंतीवर आवर्तसारणीचा तक्ता होता, दमट हवेने कोपरे सुटलेला. मुलांना मी सांगितलं, संज्ञा पाठ करा, उद्या विचारीन. एका मुलाने हात वर केला. त्याचे वडील बोर्डीच्या एका चिकूच्या वाडीत कामाला होते. तक्त्याजवळ जाऊन त्याने बराच वेळ बोट फिरवलं होतं, ते मी पाहिलं होतं. म्हणाला, "बाई, यात पालाश कुठंय?"

मी म्हणाले, "पालाश नावाचं काही मूलद्रव्य नसतं. पळसाचं झाड असतं. खाली बस."

वर्ग हसला. तो बसला.

आता सांगते, पालाश असतं. तुमच्यापैकी ज्यांची शेती-वाडी आहे त्यांना हे वाचून माझी कीव आली असेल. खताच्या गोणीवर, कृषी खात्याच्या पत्रकावर, रेडिओवरच्या शेतीच्या कार्यक्रमात, सगळीकडे तीन शब्द जोडीने येतात: नत्र, स्फुरद, पालाश. नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, पालाश म्हणजे पोटॅश, ज्याच्यात पोटॅशिअम असतं ते. 'पंधरा-पंधरा-पंधरा' म्हणून जी गोणी मागतात ती या तिघांच्या हिशेबाची. त्या मुलाने वाडीत बापाबरोबर अशा गोण्या उचलल्या असणार, त्यांवरचे शब्द वाचले असणार. शाळेत नायट्रोजन आणि फॉस्फरस ऐकून त्याला वाटलं असेल की आपल्या ओळखीची माणसं इथे आहेत की काय, निदान तिसरा तरी सापडतो का बघू. आणि बी. ए. झालेल्या बाईंनी त्याला सांगितलं, असं काही नसतं.

मला हे कळलं २०१६ साली, निवृत्त होऊनही काही वर्षं झाल्यावर. माझे दीर वाडीतल्या मातीची तपासणी करून मृदा आरोग्य पत्रिका घेऊन आले. "वहिनी, चष्मा विसरलो, जरा वाचून दाखवा." मी वाचायला लागले. उपलब्ध नत्र इतकं, उपलब्ध स्फुरद इतकं, उपलब्ध पालाश इतकं, आणि पालाशाच्या पुढे इंग्रजी के. दीर विचारत राहिले, "पुढे? पुढे काय लिहिलंय?" पुढचं मला दिसेना.

तेव्हापासून ही मूलद्रव्यांच्या नावांची गोष्ट माझ्या मागे लागली आहे. जिथे जे मिळेल ते वाचत गेले, आमच्या शाळेतल्या निवृत्त विज्ञानाच्या सरांना छळलं, जर्मनीतल्या पुतणीला फोन केले. आणि जसजशी वाचत गेले तसतसा मला आपलाच राग येत गेला. कारण ज्या संज्ञा मी मुलांना छडीच्या धाकाने पाठ करायला लावल्या त्यांचे अर्थ आमच्या झाईच्या कुठल्याही घरात चुलीपाशी बसून सांगता आले असते.

ही 'के'च बघा. पोटॅशिअम या नावात दोन साधे इंग्रजी शब्द आहेत, पॉट आणि ॲश. भांडं आणि राख. पूर्वी लाकडाची राख पाण्यात कालवून, ते पाणी गाळून, भांड्यात आटवत. तळाशी उरे तो पांढरा खार म्हणजे पोटॅश. हम्फ्री डेव्ही नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०७ साली वितळवलेल्या पोटॅशमधून वीज सोडली आणि त्यातून एक चमकदार मऊ धातू निघाला. त्याने नाव ठेवलं पोटॅशिअम. म्हणजे मराठीत सांगायचं तर 'भांड्यातल्या राखेचा'. आणि के? ती कॅलियम या लॅटिन धर्तीच्या नावातली. ते नाव आलं अरबीतल्या 'कली' या शब्दावरून. अल्कली म्हणतो तोच हा शब्द, त्याचा अर्थ जाळलेल्या वनस्पतींची राख. नाव इंग्रजी भांड्यातलं, संज्ञा अरबांच्या राखेतली, आणि दोन्हींचा अर्थ एकच! माझ्या सासूबाई आयुष्यभर राखेने आणि नारळाच्या शेंडीने भांडी घासत. घासताना हाताला तो बुळबुळीतपणा लागायचा तो याच खाराचा. उरलेली राख परसातल्या दुधीच्या वेलाला. त्यांना कोणी पोटॅशिअम सांगितलं नव्हतं, पण त्यांचं त्याच्याशी रोजचं येणंजाणं होतं.

सोडिअमचंही तेच. डेव्हीनेच ते काही दिवसांत सोड्यातून काढलं, म्हणून सोडिअम. आणि एन ए ही नेट्रियममधली. इजिप्तमध्ये तळ्यांच्या काठी एक खार मिळे, नेट्रॉन नावाचा, प्रेतांच्या ममी करायला तो वापरत, त्यावरून ते नाव. आता आमच्या गावाला खार काय ते सांगायला हवं का? वलांडीवर बोंबील, दारात मिठाची बरणी, हवेत मीठ, खिडकीच्या गजांना मीठ. एन ए आमच्या अंगावर साठलेली असते.

लोखंडाची एफ ई, तांब्याची सी यू, शिशाची पी बी, सोन्याची ए यू, या सगळ्या लॅटिन नावांतल्या. शिसं म्हणजे प्लंबम. रोमन लोक पाण्याचे नळ शिशाचे करत, म्हणून नळ बसवणारा तो प्लंबर. घरोघर आपण प्लंबरला फोन करतो, पी बी पाठ करताना मात्र रडतो. कथलाची एस एन. कथील म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे माहेरच्या अंगणातला कल्हईवाला उभा राहतो, तो भाता, तापलेल्या पातेल्यात टाकलेला नवसागर, त्याचा नाकात जाणारा पांढरा धूर, आणि कापसाच्या बोळ्याने एका फेऱ्यात चांदीसारखं झालेलं भांडं. ते चकाकणारं म्हणजे कथील. आमच्या शेजारच्या गुजराती बायका तर कथलालाच कलाई म्हणतात. हे सगळं वर्गात सांगायला मला कुठल्या पदवीची गरज होती? फक्त दोन टोकं एकमेकांना बांधायची होती, आणि ती बांधायची असतात हेच मला माहीत नव्हतं.

या अक्षरी संज्ञा बर्झेलियस नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८१३-१४ साली बसवल्या. त्याआधी इंग्लंडच्या डाल्टनने वर्तुळं काढली होती. ऑक्सिजन म्हणजे रिकामं वर्तुळ, हायड्रोजन म्हणजे मध्ये ठिपका, कार्बन म्हणजे काळं भरलेलं. थोडक्यात रांगोळी! आमच्या मुलींनी अर्ध्या तासात पाठ केली असती. पण धातूंपाशी आल्यावर डाल्टनची चित्रं संपली आणि त्याने वर्तुळात इंग्रजी नावांची पहिली अक्षरं घातली, लोखंडाला आय, शिशाला एल. बर्झेलियसचं म्हणणं व्यवहारी होतं. अक्षरं लिहायला सोपी, छापखान्यात खिळे तयारच, चित्रांनी पुस्तक विद्रूप होत नाही. आणि अक्षरं घ्यायची तर लॅटिन नावांची घ्या, म्हणजे ती ना इंग्रजांची ना फ्रेंचांची. लॅटिन म्हणजे त्यांच्याकडचं संस्कृतच की. एका अक्षरावर दोघांचा हक्क आला की दुसरं अक्षर जोडायचं, एवढा साधा नियम. डाल्टनला ती अक्षरं शेवटपर्यंत आवडली नाहीत. गंमत म्हणजे डाल्टन हा बाराव्या वर्षापासून शाळेत शिकवत आलेला मास्तर. मास्तरांना चित्रं आवडतात, छापखान्याला अक्षरं. जिंकला छापखाना.

पुतणीला विचारलं, तिकडे पोरं कशी पाठ करतात? ती म्हणाली, काकू, इथे सोडिअमला नेट्रियमच म्हणतात आणि पोटॅशिअमला कॅलियम, त्यामुळे एन ए आणि के यांचा त्रासच नाही. उलट ऑक्सिजनला म्हणतात 'आंबट द्रव्य' आणि हायड्रोजनला 'पाण्याचं द्रव्य', त्यांच्या भाषेत, अगदी घरगुती. म्हणजे त्यांना ओ आणि एच घोकाव्या लागतात! मला फार बरं वाटलं. एन ए बघून बावचळणारं आमचं पोर एकटं नाही, लंडनचं पोरही तितकंच बावचळत असणार, आणि जर्मन पोराचं अडतं ते दुसऱ्या ठिकाणी.

हे त्या मुलीला मी कसं सांगितलं ते सांगते. आमच्या बाजूच्या लोकांना रेल्वेचे कोड कळतात. डहाणू रोडचा डी आर डी, घोलवडचा जी व्ही डी. तिला विचारलं, वलसाडचा कोड काय? बाप म्हणाला, बी एल. का बरं? वलसाडमध्ये बी कुठे आहे? कारण इंग्रजांच्या काळी ते बुल्सार होतं. वडोदऱ्याचा बी आर सी, कारण बडोदा. एका जागेची दोन नावं, कोड एका नावाचा आणि पाटी दुसऱ्या नावाची. आणि पाटीचं म्हणाल तर आमच्या उशाला उंबरगाव आहे. मराठीत उंबरगाव, गुजरातीत उमरगाम. १९६० पर्यंत तो तालुका आमच्याच ठाणे जिल्ह्यात होता, मग गुजरातेत गेला. झाईचा माणूस बाजाराला निघताना उंबरगावला जातो, तिथे रिक्षावाल्याशी उमरगाम बोलतो, आणि संध्याकाळी बरोबर घरी येतो. त्याला लहानपणी कोणीतरी सांगितलेलं असतं की ही दोन्ही एकच.

पालाश आणि पोटॅशिअम एकच, हे सांगणारं कोणी नव्हतं. माझं जे काही म्हणणं आहे ते एवढंच आहे.

आता याच्यावर दोन्ही बाजूंनी ओरडा होतो तो मला ठाऊक आहे. दर २७ फेब्रुवारीला आमचा एक भाचा मला व्हॉट्सॲपवर 'शुद्ध मराठी' शब्दांची यादी पाठवतो. त्याचं म्हणणं, सगळी मूलद्रव्यं मराठीत आणा, संज्ञाही देवनागरीत लिहा. मी त्या काळातली आहे बाबा. आमच्या लहानपणी हायड्रोजनला उद्‌जन होतं आणि कार्बन डायऑक्साइडला कर्बद्विप्राणिल. उद म्हणजे पाणी, त्याला जन्म देणारा तो उद्‌जन, हायड्रोजनचं अगदी बिनचूक भाषांतर. पण उद म्हणजे पाणी हे कोणाला ठाऊक? ज्याच्या घरी पूजेला भटजी येतात त्याला. पाड्यावरून चालत येणाऱ्या मुलाला उद्‌जन आणि हायड्रोजन दोन्ही सारखेच परके. त्याला परक्या शब्दाच्या जागी दुसरा परका शब्द देऊन आपण आपली हौस भागवली. केंद्र सरकारने १९६१ साली शब्दावली आयोग नेमला, त्या आयोगाने मूलद्रव्यांची नावं जगात आहेत तशीच ठेवा आणि संज्ञा रोमन लिपीत ठेवा असं तत्त्व घातलं, ते मला पटतं. भाच्याला मी हेही सांगितलं की मेंडेलीफ या रशियन पंडिताने न सापडलेल्या मूलद्रव्यांना आधीच नावं दिली तेव्हा त्यांना संस्कृत 'एक' जोडला होता. एक-ॲल्युमिनिअम वगैरे. ते १८७१ साली. १८७५ मध्ये ते एका फ्रेंच माणसाला सापडलं आणि त्याने नाव ठेवलं गॅलिअम, आपल्या देशाच्या जुन्या नावावरून. आपलं संस्कृत चार वर्षं टिकलं! नाव ठेवायचा मान शोधणाऱ्याचा. आजही तसंच आहे, शोधणारे नाव सुचवतात आणि रसायनशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था ते मान्य करते. २०१६ साली चार नवीन नावं अशीच मान्य झाली, त्यात जपानचं निहोनिअम आहे. एकूण ११८ झाली, भारताच्या नावाचं एकही नाही.

दुसऱ्या बाजूचे म्हणतात, मग सरळ इंग्रजीतच शिकवा, भानगडच नको. ही सेमी इंग्रजी त्यातूनच आली. त्या मुलीचं पुस्तक मी चाळून पाहिलं. छान रंगीत आहे. पण त्यात नत्र नाही, स्फुरद नाही, पालाश नाही, कथील नाही, जस्त नाही. तिच्या आजोबांना जेवढं ठाऊक होतं तेवढं सगळं त्या पुस्तकाच्या बाहेर राहिलं आहे. मराठी पुस्तकात निदान लोखंड-तांबं तरी घरचं वाटे.

आणि जगाची नावं म्हणजे काही वेदवाक्यं नव्हेत, तीही चुकांनी भरलेली आहेत. ऑक्सिजन म्हणजे 'आम्ल निर्माण करणारा'. लाव्हाझ्येला वाटलं होतं की प्रत्येक आम्लात हा असतोच. पुढे १८१० साली डेव्हीने दाखवलं की मिठापासून बनणाऱ्या आम्लात तो मुळीच नाही. चूक सापडली, नाव तसंच राहिलं. आपला प्राणवायू त्यापेक्षा खरा. पण २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात आमच्या गावात ज्यांची माणसं दवाखान्यात होती त्यांच्या तोंडी ऑक्सिजनच होता, सत्तरीच्या म्हाताऱ्यांच्याही. त्या दोन महिन्यांत तो शब्द मराठी झाला, आता तो कोणी काढू नये.

हेलिअमचंही सांगते, कारण तिथे मीही चुकले आहे. विजयदुर्गावर सहल नेली तेव्हा 'साहेबाचे ओटे' दाखवून मी मुलांना ठणकावून सांगितलं होतं, लॉकियर साहेबाने इथून ग्रहण बघितलं आणि हेलिअम शोधला. १८ ऑगस्ट १८६८ चं ते खग्रास ग्रहण कोकणपट्टीतून दिसलं हे खरं. पण लॉकियर तेव्हा इंग्लंडातच होता. फ्रान्सचा जान्सन गुंटूरला होता, हर्शेल घराण्यातला एक लष्करी अधिकारी पटवर्धनांच्या जमखंडीला होता. सूर्याच्या कडेच्या उजेडात दिसलेली पिवळी रेषा आधी सोडिअमचीच वाटली होती. लॉकियरने ऑक्टोबरात ग्रहणाशिवाय घरबसल्या ती पाहिली आणि ती सोडिअमची नाही हे ओळखलं. सूर्यावरून नाव ठेवलं, पण शेपूट लावलं धातूंचं, 'इअम'. पुढे १८९५ साली रॅम्सेला तो पृथ्वीवर सापडला आणि निघाला वायू. विजयदुर्गावर दरवर्षी त्या दिवशी कार्यक्रम होतो, त्याला माझी हरकत नाही. पण सहलीतल्या त्या पोरांना आता कुठे गाठू?

असो. फार लांबले.

आमच्या निवृत्त सरांनी मात्र माझ्या बोलण्यात एक खुसपट काढलं आणि ते बरोबर आहे, म्हणून लिहिते. ते म्हणाले, "बाई, तुम्ही १९९४ साली दिलेलं उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. गोणीवरचं पालाश म्हणजे पोटॅशिअम नव्हे. तो आकडा पोटॅशिअम ऑक्साइडच्या हिशेबात असतो. पंधरा टक्के पालाश लिहिलं असेल तर प्रत्यक्ष पोटॅशिअम साडेबारा टक्क्यांच्या आतबाहेर. स्फुरदाचंही तसंच, फक्त नत्राचा आकडा थेट." मी दोन दिवस विचार केला. मग त्यांना फोन केला. म्हटलं, सर, मग हाच धडा झाला की! मूलद्रव्य वेगळं आणि त्याचं संयुग वेगळं, हे शिकवायला मी तेव्हा फळ्यावर अर्धा तास झटत होते आणि एकाच्याही डोक्यात शिरत नव्हतं. त्या पोराने ते हातात आणून दिलं होतं. 'पालाश या तक्त्यात नाही, पण त्याच्या आत जो बसलाय तो इथे आहे, ही बघ के,' असं म्हणायचं होतं. सर हसले. म्हणाले, तुम्हाला आता शाळेत परत घ्यायला हवं.

पालाश हा शब्द कोणी काढला ते मला कुठे सापडलं नाही. पण ज्याने काढला त्याला माझा नमस्कार. त्यात पोटॅशचा आवाज मला ऐकू येतो, आणि आयुर्वेदात पळसाच्या राखेपासून काढलेला पलाश क्षारही आहे. म्हणजे मी त्या मुलाला कुत्सितपणे म्हटलं, पळसाचं झाड असतं, त्यातही उत्तर होतं. मीच माझ्या तोंडून बोलून गेले आणि मलाच कळलं नाही.

परवा ओटीवर हे सगळं त्या बापलेकीला सांगितलं, म्हणजे एवढं लांब नाही. शेवटी धीर करून त्याला म्हटलं, "तू वर्गात मला पालाश कुठंय म्हणून विचारलं होतंस. मी तुला उगाच गप्प बसवलं." तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "मला नाय आठवत, बाई." अगदी खरं बोलत होता. नववीनंतर त्याने शाळा सोडली. एका प्रश्नापायी कोणी शाळा सोडत नाही, घरची कारणं होती, ती मला ठाऊक आहेत. पण त्या दिवसानंतर तक्त्यापाशी जाऊन बोट फिरवताना मी त्याला पाहिलं नाही, तेही मला ठाऊक आहे.

मुलीचं पुस्तक उघडून मी केच्या चौकटीत पेन्सिलीने बारीक अक्षरात 'पालाश' लिहिलं. एनच्या चौकटीत 'नत्र'. ती म्हणाली, "आणि ही एन ए?" मी मिठाची बरणी आणायला आत वळले, तर मागून बापाचा आवाज. "अगं, एन ए म्हणजे आपलं कॉस्टिक. कंपनीत पांढऱ्या गोण्या येतात ना, त्यांच्यावर लिहिलेलं असतं, एन ए ओ एच. हाताला लागलं तर कातडी सोलून निघते." मुलगी म्हणाली, "मग मघाशी सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "ते पुस्तकातलं आणि ते एकच, हे कुठे माहीत होतं?"

जाताना ती सुकटाची पुडी घेऊन गेली. मी कालनिर्णयच्या मागे यादी करायला घेतली आहे. कथील, जस्त, शिसं, पारा, गंधक, नत्र, स्फुरद, पालाश, इथपर्यंत आले आहे. जस्ताला आणि सुरम्याला तुमच्या गावाकडे काय म्हणतात, वाडीत-कारखान्यात-सोनाराकडे आणखी कुठले शब्द चालतात, ते जरूर कळवा. वारली, मांगेली, गुजराती, कुठलेही चालतील. मुलगी रविवारी परत येणार आहे.